पॉलिसी आजोबांची, मोबाइल नंबर एजंटचा: विमा नियामकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

स. न. वि. वि.

ज्येष्ठ नागरिकांच्या गळ्यात मारलेल्या आयुर्विमा पॉलिसींचे कागद वाचणे, प्रस्तावपत्रे (पॉलिसीसाठी भरलेले अर्ज) तपासणे आणि तक्रारी लिहून देणे या कामातले आम्ही काही जण आहोत. हे पत्र मुख्यतः दोन लहानशा रकान्यांबद्दल आहे. प्रस्तावपत्राच्या सुरुवातीलाच ते असतात: मोबाइल क्रमांक आणि ई-मेल.

आपल्या नियमांनी ग्राहकाला दिलेले जवळजवळ प्रत्येक संरक्षण या दोन रकान्यांतून जाते. ओटीपी त्या नंबरवर जातो. पडताळणीचा फोन त्याच नंबरवर येतो. पॉलिसीची पीडीएफ त्या ई-मेलवर जाते आणि तिथपासून फ्री-लूकचे, म्हणजे नको असलेली पॉलिसी परत करण्याच्या मुदतीचे, दिवस मोजायला सुरुवात होते. दुसऱ्या वर्षाच्या हप्त्याची आठवणसुद्धा तिथेच जाते. सत्तरीच्या ग्राहकाच्या फॉर्मवर एजंटाने तिथे स्वतःचा, सहकाऱ्याचा किंवा भलताच कुणाचा नंबर टाकला, की ही सगळी संरक्षणे विकणाऱ्याच्याच हातात जातात. म्हाताऱ्या माणसाला पॉलिसी कळते ती वर्षभराने, बँकेच्या शाखेतून "काका, यंदाचा हप्ता राहिलाय" असे कुणी म्हणाले म्हणजे. किंवा खात्यातून रक्कम परस्पर वळती झाली म्हणजे.

ही विक्री बहुतेक वेळा ठेवपावतीच्या मुदतीभोवती होते. कोणाची एफडी कधी पिकते, खात्यात किती शिल्लक आहे, पेन्शन किती येते, घरात कोण कोण आहे, हे सगळे शाखेत माहीत असते. "व्याजदर उतरलेत, एफडीपेक्षा चांगली स्कीम आलीये, एकदाच भरायचे, पाच वर्षांनी दुप्पट." या बोलण्यात विमा हा शब्द सहसा येतच नाही. फॉर्मवर जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात आणि ग्राहक फुली दिसेल तिथे सही करत जातो. मजकूर नंतर भरला जातो.

"एकदाच भरायचे" हे खोटे इतके सरसकट का बोलले जाते? कारण कमिशनच्या हिशोबात आहे. पूर्वीच्या आपल्याच मर्यादा घ्या. एकरकमी हप्त्याच्या पॉलिसीवर जास्तीत जास्त २ टक्के, आणि दहा वर्षे हप्ते भरायच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी ३० टक्क्यांपर्यंत. पाच लाखांची ठेव मोडून तेच पैसे एकरकमी पॉलिसीत घातले तर कमिशन दहा हजार, दहा हप्त्यांच्या पॉलिसीचा पहिला हप्ता म्हणून घातले तर दीड लाख. १ एप्रिल २०२३ पासून आपण या प्रकारवार मर्यादा काढल्या आणि एकूण खर्चाच्या मर्यादेत राहून कमिशन ठरवण्याचे काम कंपन्यांवर सोपवले. पहिल्या वर्षीच जास्तीत जास्त मिळवण्याची ओढ त्यामुळे कमी झालेली आम्हाला दिसत नाही. बँकेत हे कमिशन बँकेला जाते आणि कर्मचाऱ्याच्या मानेवर टार्गेट असते. टेबलापलीकडे बसलेल्या ग्राहकाच्या दृष्टीने एजंटाचे कमिशन आणि कर्मचाऱ्याचे टार्गेट दोन्ही सारखेच.

मग येतो वयाचा अडथळा. लांब मुदतीच्या अनेक योजनांत ७२ वर्षांच्या माणसाचा विमा उतरवताच येत नाही, आला तरी महाग पडतो किंवा वैद्यकीय तपासणी लागते. म्हणून म्हातारा माणूस "प्रस्तावक", म्हणजे पॉलिसी घेणारा, होतो आणि "विमाधारक", म्हणजे ज्याच्या जिवाचा विमा तो, म्हणून मुलाचे, सुनेचे, कधी पाच वर्षांच्या नातवाचे नाव घातले जाते. विमाधारक सज्ञान असेल तर फॉर्मवर त्याचीही सही लागते, आणि परगावी असलेल्या मुलाची सही कुणीतरी ठोकून देतो. कायद्याने प्रस्तावक आणि विमाधारक वेगळे असायला हरकत नाही. हरकत आहे ती हे न सांगण्याला. आजोबा गेल्यावर घरचे लोक दावा करायला जातात, तेव्हा त्यांना कळते की मृत्यूचा दावा लागूच होत नाही, कारण विमा आजोबांच्या जिवाचा नव्हताच. उलट उरलेले हप्ते आता कोण भरणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. प्रस्तावकाच्या मृत्यूनंतर हप्ते माफ व्हावेत यासाठी वेगळा रायडर (मूळ पॉलिसीला जोडायचे जादा संरक्षण) घ्यावा लागतो, आणि साठीनंतर तो घेतलेला आम्हाला क्वचितच दिसतो. प्रस्तावक साठीच्या वर आणि विमाधारक वेगळा, असे जिथे असेल तिथे पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत एक वाक्य सक्तीचे करावे: "तुमचे निधन झाल्यास या पॉलिसीतून विम्याची रक्कम मिळणार नाही." हे वाक्य वाचून किती ज्येष्ठ ग्राहक सही करतील ते पाहावे.

प्रस्तावपत्राच्या आतल्या पानांवर काय होते तेही पाहा. निवृत्त माणसाचा व्यवसाय "व्यापार" किंवा "शेती" लिहिला जातो आणि वार्षिक उत्पन्न एवढे फुगवले जाते की पाच लाखांचा हप्ता त्याला परवडतो असे दिसावे. पेन्शन वर्षाला तीन लाख असते, फॉर्मवर पंधरा लाख. आरोग्याच्या प्रश्नांपुढे ओळीने "नाही" असते. मधुमेह, रक्तदाब, बसवलेला स्टेंट, काहीच नसते. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षे झाल्यावर पॉलिसीला कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही, पण त्या तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला तर हेच "नाही" दावा नाकारायला पुरते. खोटे लिहिले एजंटाने, भोगणार नॉमिनी.

ग्राहकाने मराठीत सही केली किंवा अंगठा उठवला आणि फॉर्म इंग्रजीत असेल, तर "मजकूर समजावून सांगितला" असे तिऱ्हाइताचे निवेदन लागते. आम्ही पाहिलेल्या फॉर्मांत त्या निवेदनाखाली अनेकदा विकणाऱ्याचीच किंवा त्याच शाखेतल्या दुसऱ्याची सही असते. तिऱ्हाईत म्हणजे विक्रीशी संबंध नसलेला माणूस, एवढी साधी व्याख्या लिहून द्यायला काय अडचण आहे?

पडताळणीचा फोन हा दुसरा कच्चा दुवा. फोन येण्याआधी एजंट सांगून ठेवतो, "कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर फॉर्म रद्द होतो." काही वेळा तो शेजारी बसूनच असतो. प्रश्न असे असतात: "तुम्हाला पॉलिसीच्या अटी समजल्या आहेत का?" "दहा वर्षे हप्ता भरायचा आहे हे माहीत आहे का?" कानाला कमी ऐकू येणारा माणूस अशा वेळी हो म्हणतोच. पुढे तक्रार झाली की कंपनी हेच रेकॉर्डिंग पुराव्याला काढते. साठीच्या वरच्या ग्राहकाला हो-नाहीचे प्रश्न विचारायचेच नाहीत, असा नियम करावा. "तुम्ही किती वर्षे पैसे भरणार आहात? दर वर्षी किती? विमा कोणाच्या जिवाचा आहे? हे पैसे कधी परत मिळतील?" उत्तरे ग्राहकाने स्वतःच्या तोंडाने द्यायची, मराठी माणसाने मराठीत. "एकदाच भरायचे" असे उत्तर आले की पॉलिसी तिथेच थांबली पाहिजे. फोन सहीनंतर किमान दोन दिवसांनी व्हावा, आणि ग्राहकाला हवे असेल तर घरातले कुणी सोबत असावे.

आता फ्री-लूक. २०२४ च्या विनियमांनी आपण ही मुदत सरसकट ३० दिवस केली, हे चांगले झाले. पूर्वी साध्या पॉलिसीला १५ दिवसच होते. या ३० दिवसांत पॉलिसी परत केली तर मधल्या काळाच्या जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क एवढेच कापून बाकीचे पैसे परत मिळतात. युलिप (बाजाराशी जोडलेली पॉलिसी) असेल तर युनिटच्या भावातला फरक धरला जातो. पण हे ३० दिवस पॉलिसी "मिळाल्यापासून" मोजायचे असतात, आणि एप्रिल २०२४ पासून पॉलिसी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे सक्तीचे झाले आहे. कागद हवा तर प्रस्तावपत्रात तशी खूण करावी लागते. ती खूण कोण करतो? एजंट. ई-मेल कोणाचा? एजंटाचा. म्हणजे ज्या माणसाने स्वतःची पॉलिसी डोळ्यांनी पाहिलेली नाही, त्याचे ३० दिवस संपलेले असतात. कागदी बाँड (पॉलिसीचा छापील दस्तऐवज) पाठवला तरी तो शाखेच्या पत्त्यावर मागवून महिना उलटल्यावर घरी आणून देणारे एजंट आहेत.

यावरचा उपाय खर्चिक नाही. प्रत्येक कंपनीकडे आपल्या सर्व एजंटांचे आणि बँकेतल्या विक्री प्रतिनिधींचे मोबाइल नंबर असतात. प्रस्तावपत्रावरचा नंबर या यादीशी आणि इतर ग्राहकांच्या नंबरांशी ताडून पाहायला संगणकाला क्षणभर लागतो. एकच नंबर चार वेगवेगळ्या आडनावांच्या ज्येष्ठांच्या फॉर्मवर दिसला, तर पॉलिसी काढण्याआधी माणूस घरी पाठवावा. बँकेतून विक्री झाली असेल तर आणखी सोपे: खात्याला जोडलेला नंबर बँकेकडे असतोच, फॉर्मवर वेगळा नंबर का, एवढेच विचारायचे. आणि साठीच्या वरच्या प्रस्तावकाला कागदी बाँड त्याच्या राहत्या पत्त्यावर, त्याच्या भाषेतल्या माहितीपत्रकासह, पोस्टाने गेलाच पाहिजे. फ्री-लूकची सुरुवात त्या पोचपावतीवरच्या सहीपासून धरावी. आमच्या मते या वयोगटाला ३० ऐवजी ९० दिवस द्यायला हवेत, कारण कागद वाचून दाखवणारा मुलगा किंवा मुलगी अनेकदा सणावारालाच घरी येते.

मुदत निघून गेल्यावर काय होते? पाच लाखांचा एक हप्ता गेला आणि दुसरा भरायची ऐपत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पूर्वीच्या पारंपरिक (युलिप नसलेल्या) पॉलिसींत एकच हप्ता भरून थांबलेल्यांना सहसा काहीच मिळत नसे. त्या तारखेपासून पहिल्या पूर्ण वर्षाच्या हप्त्यानंतर विशेष सरेंडर मूल्य (पॉलिसी मध्येच सोडल्यावर मिळणारी रक्कम) द्यायला आपण कंपन्यांना लावले. तो खरोखर मोठा दिलासा आहे. तरी तोटा उरतोच. हमी सरेंडर मूल्य दुसऱ्या वर्षी भरलेल्या हप्त्यांच्या ३० टक्के, तिसऱ्या वर्षी ३५ आणि चौथ्या ते सातव्या वर्षी ५० टक्के असते. दोन हप्त्यांचे दहा लाख भरून दुसऱ्याच वर्षी बाहेर पडणाऱ्याला हमीचे तीन लाख.

आणि जो शेवटपर्यंत टिकतो त्याला? दहा वर्षे दरसाल एक लाख भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेर वीस लाख घ्यायचे, हा "दुप्पट"वाला नमुना घेऊ. ऐकायला दुप्पट, पण चक्रवाढीने हिशोब केला तर परतावा वर्षाला साधारण साडेचार टक्के पडतो. ६८ व्या वर्षी सुरू केले तर ते वीस लाख ८८ व्या वर्षी हाती येणार. त्याच माणसाला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत पाच वर्षांसाठी ठेवता येतात आणि दर तिमाहीला व्याज खात्यात येते. ही योजना बहुतेकदा त्याच शाखेत मिळते, फक्त तिच्याबद्दल कुणी आपणहून बोलत नाही. "करमुक्त आहे" हेही अर्धसत्य. एप्रिल २०१२ नंतरच्या पॉलिसीत हप्ता विमा रकमेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर मुदतपूर्तीची रक्कम करमुक्त राहत नाही. एकरकमी पॉलिसीत विमा रक्कम बहुधा हप्त्याच्या सव्वापट असते, म्हणजे तिची मुदतपूर्तीची रक्कम हमखास करमुक्त नाही.

पुढे किती पैसे मिळतील ते दाखवणाऱ्या लाभदर्शक तक्त्यात ४ आणि ८ टक्के असे परताव्याचे दोन गृहीत दर असतात. ग्राहकाला ८ टक्क्यांचा रकाना दाखवतात आणि ४ टक्क्यांचा रकाना हाताखाली झाकलेला असतो. जुनी पॉलिसी मोडायला लावून नवी विकणे हा त्याहून वाईट प्रकार: शेवटच्या वर्षांत जमणारा अंतिम बोनस जातो, वय वाढल्याने नवा हप्ता महाग होतो आणि कलम ४५ ची तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. पेन्शन योजनांत मूळ रक्कम वारसांना परत मिळणारा आणि न मिळणारा असे दोन पर्याय असतात. दुसऱ्यात दरमहा रक्कम जास्त दिसते म्हणून तो दाखवतात, आणि मूळ रक्कम परत येणार नाही हे सांगत नाहीत.

"तुमचा बोनस अडकलाय, सोडवायला नवी पॉलिसी घ्या" असे आपल्याच प्राधिकरणाच्या नावाने येणारे फोन वेगळे. ते सरळ गुन्हेगारीत मोडतात. प्राधिकरण पॉलिसी विकत नाही की बोनस वाटत नाही, हे आपण वेळोवेळी जाहीर केले आहे. असा फोन आला आणि पैसे गेले तर तासाभरातच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवावे.

तक्रारीच्या टप्प्यावर वृद्धांची सर्वांत जास्त दमछाक होते. बँक म्हणते कंपनीकडे जा, कंपनी म्हणते सही तुमचीच आहे. कॉर्पोरेट एजंट (विमा विकणारी संस्था) म्हणून बँकेची नोंदणी आपल्याकडे असते, आणि आपल्या विक्री प्रतिनिधींच्या कृत्यांची जबाबदारी तिच्यावर आहे हे आपल्याच आचारसंहितेत लिहिले आहे. ते प्रत्यक्षात दिसले पाहिजे. तोवर घरच्यांना आमचे सांगणे असे की, "एजंटाने फसवले" एवढेच लिहू नका. तोंडी बोलणे सिद्ध होत नाही. कंपनीकडून लेखी मागून घ्या: प्रस्तावपत्राची पूर्ण प्रत, सही केलेला लाभदर्शक तक्ता, पडताळणीच्या फोनचे रेकॉर्डिंग आणि बाँड कधी, कुठे, कोणाला मिळाला याची पोच. मग कागदावर बोट ठेवून लिहा. हा मोबाइल माझा नाही, सोबत माझ्या बँक खात्याला जोडलेल्या नंबरचा पुरावा. हे उत्पन्न माझे नाही, सोबत पेन्शनचा दाखला. या तारखेला मी रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा ही सही माझी असू शकत नाही. पॉलिसी मिळाली ती या तारखेला, म्हणून फ्री-लूक तिथून मोजा.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग प्राधिकरणाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या फोन क्रमांकावर. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई देता येते. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. बरेच जण इथेच चुकतात: कंपनीशी पत्रव्यवहार करत बसतात आणि वर्ष उलटते.

प्रामाणिक एजंट खूप आहेत. विचारले तर आपले कमिशन सांगणे त्यांच्यावर बंधनकारक आहे आणि ते सांगतातही. साठीच्या वरच्या ग्राहकाच्या बाबतीत मात्र ते न विचारताच लेखी सांगायला लावावे. आणि पहिल्या वर्षाचे कमिशन दुसरा हप्ता ग्राहकाने स्वतः भरेपर्यंत राखून ठेवावे. पॉलिसी रद्द झाली तर ते वसूल व्हावे. ज्याने खरोखर परवडेल अशी पॉलिसी विकली आहे, त्याचे यात एक रुपयाचेही नुकसान नाही.

शेवटची मागणी पुन्हा एका रकान्याचीच. आपल्या वार्षिक अहवालात तक्रारींची वर्गवारी येते, "अनुचित व्यवसाय पद्धती" हा वर्गही असतो. त्या तक्त्याला प्रस्तावकाच्या वयाचा रकाना जोडावा, साठीच्या वरचे वेगळे दाखवावेत, आणि कंपनीनिहाय, बँकनिहाय आकडे छापावेत.

आपले,
विमा तक्रारींच्या कामातले काही जण